जुने संगणक शाळेला देण्याआधी डिस्क पुसताना: माझा अनुभव

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले आणि आमच्या कार्यालयातल्या जुन्या मशिन्सचा प्रश्न समोर आला. विंडोज ११ त्यांच्यावर बसत नव्हतं, बाकी मशिन्स धडधाकट होती. एक डेस्कटॉप आणि एक लॅपटॉप गावाकडच्या शाळेला द्यायचं ठरलं. पण आमचं काम आयकर विवरणपत्रं भरण्याचं. या डिस्कांवर कित्येक घरांची पॅन कार्डं, आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती, बँकांचे खातेउतारे, फॉर्म १६, कुणाच्या पोटगीचे आकडे, कुणाच्या आजारपणाची बिलं होती. नवऱ्यालाही न सांगितलेली मुदत ठेव लोक आम्हाला सांगतात. ते सगळं मशीनबरोबर दुसऱ्याच्या हाती जाणं मला मान्य नव्हतं.

दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून देतो ना, सगळं जातं." मी त्याला डेस्कटॉपचा डी ड्राइव्ह क्विक फॉरमॅट करायला सांगितला आणि लगेच त्याच्यासमोरच फोटोरेक नावाचं, पुसलेल्या फायली शोधून काढणारं मोफत सॉफ्टवेअर चालवलं. थोड्याच वेळात पीडीएफ परत यायला लागल्या. फायलींची मूळ नावं गेली होती, त्या जागी 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा. पण उघडलं की आत अख्खा फॉर्म १६. "आयला, सगळंच आहे की!" एवढंच तो बोलला. सातबाऱ्यावरून नाव कमी केलं म्हणून शेतात उभं असलेलं पीक नाहीसं होत नाही; क्विक फॉरमॅट फक्त नोंद काढतो. २००३ साली सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलट या एमआयटीतल्या संशोधकांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ डिस्का तपासल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतल्या चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या. या गोष्टीला वीस वर्षं उलटून गेली, तरी आजही दुकानात 'फॉरमॅट मारला' म्हणजे काम झालं असंच धरतात.

डी ड्राइव्हचं एक वेळ सोपं, खरी अडचण सी ड्राइव्हची. विंडोज त्याच्यावरूनच चालत असतं, त्यामुळे आतून तो पुसायला गेलं की विंडोज सरळ नकार देतं. आणि जोखमीचं बरंच काही तिथेच असतं: ब्राउझरने जपलेले पासवर्ड, डाउनलोडचा फोल्डर, मेलच्या प्रती, तात्पुरत्या फायली, शिवाय मेमरीत उघडलेल्या गोष्टी डिस्कवर उतरवणारी पेजफाइल. विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढून ड्राइव्ह साफ करायचा पर्याय आहे आणि घरगुती वापराला तो चालेल. मला मात्र पूर्ण डिस्क, विंडोज परत बसवायला राखलेल्या रिकव्हरी पार्टिशनसकट, रिकामी हवी होती आणि तसा कागद हातात हवा होता. त्याला मी निवडलेला मार्ग: पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करायची आणि बाहेरून डिस्क पुसायची.

त्याआधीची तयारी घाईने उरकू नये. सगळा डेटा दोन वेगळ्या बाहेरच्या डिस्कांवर घेतला आणि नुसता कॉपी झाल्यावर न थांबता अधल्यामधल्या फायली उघडून पाहिल्या. टॅलीचं लायसन्स सरेंडर केलं. डिस्क पुसल्यावर ते करायला प्रोग्रॅमच उरत नाही. ऑफिस आणि मेलच्या खात्यांतून बाहेर पडले. मग बॅकअपच्या डिस्का मशीनपासून सोडवून कपाटात ठेवल्या. पुसताना केबलला लागून दुसरी कुठलीच डिस्क नसावी, ही माझी ठाम अट होती.

डेस्कटॉपमध्ये ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क होती. तिच्यासाठी श्रेडओएस घेतलं. एनवाइप हा पुसणारा प्रोग्रॅम सुरू करण्यापुरतीच ही छोटी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत) प्रणाली आहे. पूर्वी सगळे डीबॅन हे डिस्क पुसायचं साधन वापरायचे, एनवाइपचं मूळ त्यातलंच. रुफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह तयार केला, बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट बंद केलं आणि बूट मेन्यूतून पेनड्राइव्ह निवडला. पडद्यावर डिस्कांची यादी येते. मॉडेल आणि सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून पाहिला आणि मगच खूण केली.

किती वेळा पुसायचं, म्हणजे जुन्यावर नवं लिहायचं, यावर मला बरेच सल्ले मिळाले. पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये सांगितलेली ३५ फेऱ्यांची पद्धत अजून लोकांच्या तोंडी आहे, पण ती त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कांसाठी होती आणि आजच्या डिस्कांवर तिचा उपयोग नाही हे गुटमन यांनीच नंतर लिहून ठेवलं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिकाही आधुनिक फिरत्या डिस्कला एक फेरी साधारणपणे पुरेशी मानते. मी शून्यांची एक फेरी घेतली आणि तपासणी चालू ठेवली. सेकंदाला १०० एमबीच्या आसपासच्या वेगाने ५०० जीबीला दीड तास लागतो, आणि डिस्कच्या आतल्या कडेकडे वेग उतरत जातो. तपासणी धरून अर्धा दिवस गेला. मशीन यूपीएसवर होतं. शेवटी एनवाइपने सिरियल नंबरसकट पीडीएफ अहवाल दिला, तो छापून फाइलला लावला.

लॅपटॉपचं प्रकरण वेगळं होतं, कारण त्यात साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क, होती. एसएसडी झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून लिखाण सतत नव्या जागी नेते आणि काही जागा तर आपल्याला दाखवतच नाही. वरून शून्यं लिहिली तरी त्या कोपऱ्यांत जुनं राहू शकतं. इथे डिस्कलाच तिचा अंगभूत सिक्युअर इरेजचा हुकूम द्यावा लागतो. उबुंटू ही लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून चालू केली आणि डिस्कला असे हुकूम देणाऱ्या एचडीपार्म या प्रोग्रॅमने पाहिलं, तर डिस्क 'फ्रोझन'. हा बिघाड नव्हे. असला हुकूम एखाद्या व्हायरसने देऊ नये म्हणून बायॉस सुरुवातीलाच डिस्कला कुलूप घालतं. लॅपटॉप स्लीपमध्ये टाकून जागा केला आणि कुलूप निघालं. मग तात्पुरता पासवर्ड ठेवायचा आणि पुसायचा हुकूम द्यायचा. पासवर्ड अगदी साधा ठेवून कागदावर लिहिला, कारण मध्येच वीज गेली तर डिस्क त्याच पासवर्डने बंद राहते. चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली होती. हार्ड डिस्कला अर्धा दिवस घेणारं काम इथे चहा होईपर्यंत संपलं.

एवढ्या लवकर झालेल्या कामावर विसंबायचं कसं? २०११ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अभ्यासात एका एसएसडीने काम झाल्याचं कळवलं आणि डेटा तसाच निघाला होता. म्हणून पूर्ण डिस्क वाचून शून्यांशी ताडून पाहिली, फोटोरेकही पुन्हा चालवलं. काहीच हाती आलं नाही. लपलेल्या जागा मात्र असं वाचून दिसत नाहीत. तिथे मला आधार होता तो बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचा: लॅपटॉप घेतल्या दिवसापासून तो चालू होता, त्यामुळे एखादा तुकडा उरलाच असेल तर तो किल्लीवाचून निरर्थक आहे. नव्या मशिनवर पहिल्याच दिवशी तो चालू करावा, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

दोन्हींवर लिनक्स मिंट आणि मराठी कीबोर्ड टाकून मशिन्स शाळेत पोचवली.

अडगळीत एका जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्कही होती. तिच्यावर एनवाइपला वाचता-लिहिता न येणारे सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, लागत राहिले. जिथे लिहिताच येत नाही तिथलं जुनं गेलं असं कसं म्हणणार? ती कुणाला द्यायचा प्रश्नच नव्हता. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि त्यांचे बारीक कण उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा चढवला, डिस्क जाड पोत्यात गुंडाळली आणि हातोड्याने तबकड्यांचा चुरा केला. पोत्यासकट ते सगळं नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे दिलं आणि त्याची पावती त्याच फाइलला लावली.