एक ताट जास्त मांड

काल रात्री पोराबरोबर हॉन्टेड मॅन्शन हा सिनेमा परत बघितला. २०२३ चा, एडी मर्फीचा २००३ वाला नाही. तिसऱ्यांदा बघितला आणि आता ठरवलंच की लिहायचं, कारण जिथे बघावं तिथे लोक एवढंच म्हणतात की डिस्नीने डिस्नीलँडमधल्या त्याच नावाच्या, भुतांच्या वाड्याच्या राइडवरून अजून एक सिनेमा काढला आणि तो पडला. पडला हे खरंच आहे. भुतांचा सिनेमा जुलैच्या शेवटी आणला, तोपण बार्बी आणि ओपनहायमर लागून जेमतेम आठवडा झालेला असताना, मग कोण जाणार. पण मला तो फार जवळचा आहे, आणि त्याला कारण ती राइड आणि माझे बाबा.

२०१८ मध्ये आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला राहायचो, तिथून डिस्नीलँड अगदी जवळ. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, मे महिन्यात एक दिवस त्यांना घेऊन गेलो. बाबा म्हणजे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस, कुठलंही यंत्र दिसलं की आधी खाली वाकून बघणार. उन्हात फिरून फिरून ते दमले होते, म्हणून बसायला मिळेल आणि आत गार असेल अशी राइड शोधली, ती ही. बाहेरून वाडा एकदम टापटीप, पांढरे खांब, लोखंडी नक्षीचे कठडे. वॉल्ट डिस्नीला पार्कात पडका वाडा नकोच होता म्हणे. गंमत म्हणजे बाहेरचा वाडा १९६३ लाच बांधून झाला होता पण आत काय ठेवायचं ते ठरेना, कुणाला घाबरवायचं होतं, कुणाला हसवायचं होतं, मध्येच १९६६ ला वॉल्ट गेला आणि शेवटी ९ ऑगस्ट १९६९ ला राइड सुरू झाली. तोवर रिकामाच उभा.

आत गेलं की पहिल्यांदा एका आठ कोनी खोलीत उभं करतात, दार बंद होतं, आणि भिंतीवरची चित्रं लांब लांब होत जातात. छत्री घेतलेली गोड मुलगी दिसत असते, चित्र खाली वाढलं की कळतं ती दोरीवर उभी आहे आणि खाली मगर आ वासून बसलीय. पोरगा तेव्हा पाच वर्षांचा, त्याने आजोबांचा हात घट्ट धरला. आणि बाबा त्याच्या कानात म्हणाले, घाबरू नको रे, लिफ्ट आहे ही, आपण खाली चाललोय. खरंच लिफ्ट आहे! पार्काभोवती जो ट्रेनचा बांध आहे त्याच्या खालून लोकांना पलीकडच्या मोठ्या इमारतीत न्यायचं म्हणून ती केलीय, फ्लोरिडाच्या पार्कात तशी गरज नव्हती तर तिथे जमीन जागेवरच राहते आणि छत वर जातं. हे मी नंतर वाचलं, बाबांना पायाखालच्या हादऱ्यावरून कळलं.

मग त्या काळ्या गाड्या, ज्या जे दाखवायचं असेल तिकडे तुम्हाला स्वतःच वळवतात. आणि तो हॉल, जिथे खाली आरपार दिसणारी भुतं जोडीजोडीने नाचतात. बाबा एकदम पुढे झुकले. म्हणाले, "अगो, काच आहे. मोठीच्या मोठी काच आहे मध्ये, भुतं दुसरीकडेच आहेत." अगदी बरोबर. भुतं म्हणजे खरे हलणारे पुतळे, आपल्याला दिसणार नाहीत असे ठेवलेले, त्यांच्यावर उजेड पडला की काचेत प्रतिबिंब दिसतं, उजेड गेला की भूत गायब. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या नाटकवाल्यांनी वापरलेली युक्ती आहे ही, पेपर्स घोस्ट म्हणतात. आणि आरशात डाव्याचं उजवं होतं ना, त्यामुळे तिथे नाचात बायका पुरुषांना फिरवतात असं दिसतं.

शेवटी गाडी आरशासमोरून जाते आणि तुमच्याच शेजारी एक भूत बसलेलं दिसतं. आवाज सांगतो की हे आता तुमच्या घरी येणार. आमच्याकडे कोकणात मयतावरून येताना मागे वळून बघायचं नाही, घरात शिरायच्या आधी पाय धुवायचे, ते याच भीतीने. त्या रात्री जेवायला बसताना बाबा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, एक ताट जास्त मांड, पाहुणा आलाय. पोरगा जो हसत सुटला!

२०२२ मध्ये बाबा गेले. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही घरीच टीव्हीवर हा सिनेमा लावला, पुण्यात, आणि मला वाटलं होतं की राइड आठवेल, मजा येईल, बस.

पण या सिनेमात त्यांनी राइडमधले विनोद उचललेत आणि ते खरे मानलेत. राइडमध्ये सांगतात की इथे ९९९ भुतं आहेत आणि हजाराव्याला जागा आहे, कुणी स्वखुशीने येतंय का? पार्कात सगळे हसतात. सिनेमात तोच शब्द धरलाय, हजारावा जीव स्वतःच्या मर्जीने आला पाहिजे. मग हॅटबॉक्स घोस्ट, म्हणजे सिनेमातलं दुष्ट भूत, कुणाला गाठणार, तर ज्याचं माणूस गेलंय त्याला. न्यू ऑर्लीन्समधला बेन, बायको गेल्यापासून नुसता जगायचं म्हणून जगतोय. लहानगा ट्रॅव्हिस, त्याचे वडील गेलेत. वाड्याचा मूळ मालक ग्रेसी, तोही बायकोच्या दुःखातच बुडाला. आणि घरापर्यंत मागे येणारं भूत, ते इथे नियमच आहे, एकदा वाड्यात पाय ठेवला की सुटका नाही, कुठेही जा, ते येणारच. माणूस गेल्यावर असंच तर होतं ना. बेन झालेला लकीथ स्टॅनफिल्ड बायकोबद्दल बोलता बोलता ज्या सीनमध्ये कोसळतो, तिथे मला पॉज करून किचनमध्ये जावं लागलं.

जस्टिन सिमियन, म्हणजे डायरेक्टर, कॉलेजात असताना डिस्नीलँडमध्ये कामाला होता. ते जाणवतं. ग्रेसी आणि क्रम्प (हे हॅटबॉक्स घोस्टचं खरं नाव) ही नावं राइड बनवणाऱ्या येल ग्रेसी आणि रॉली क्रम्प यांच्यावरून, जेमी ली कर्टिस काचेच्या गोळ्यात अडकलेली, भुतांशी बोलणारी मॅडम लिओटा. सगळं आवडलं असं नाही, दोन तास जास्त वाटतात, ऐन दुःखाच्या जागी मध्येच जोक येतो, आणि जॅरेड लेटोचा हॅटबॉक्स घोस्ट कॉम्प्युटरवर केलेला, त्याला त्या काचेतल्या भुतांची सर नाही. लहान मुलांना दाखवणार असाल तर शेजारी बसा, काही सीन भीतीदायक आहेत.

काल संपल्यावर पोरगा म्हणाला, आजोबा म्हणाले होते ती काच कशी असते ते करून दाखव. म्हणून फोटो फ्रेमची काच काढली, टेबलावर उभी धरली, पुढे मेणबत्ती, मागे बरोबर तेवढ्याच अंतरावर पाण्याचा ग्लास, दिवे बंद. पाच मिनिटं ग्लास इकडे तिकडे सरकवत होतो. मग तो एकदम ओरडला, आई, इथून बघ, लवकर. ज्योत पाण्यात जळत होती, वरपर्यंत भरलेल्या ग्लासात.