खंबाटकीत वाजणारी गाडी आणि ९५चं पेट्रोल

आमची दीडशे सीसीची मोटरसायकल वडिलांनी २००९ साली घेतली आणि पुढे माझ्याकडे आली. दर शुक्रवारी रात्री पुण्याहून साताऱ्याला मी तिच्यावरूनच जायचो. २०२२च्या एप्रिलमध्ये ती खंबाटकीच्या चढाला वाजायला लागली. साताऱ्याहून येताना बोगदा असायचा, त्यामुळे तिकडून काही कळायचं नाही. जाताना मात्र तेव्हा घाट चढावाच लागायचा. पुढे एखादा ट्रेलर रांगत असायचा, वेग पडलेला असायचा, आणि गिअर उतरवायचा कंटाळा करून मी तशीच रेस दिली की खालून आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात हरभरे घालून हलवावेत, अगदी तसा. गिअर उतरवला की बंद.

पहिलं निदान पंपावरच्या पोरानं केलं. "सर, साधं टाकताय ना, म्हणून. प्रीमियम टाका, इंजिनाला ताकद येते." त्या प्रीमियमवर '९५ ऑक्टेन' लिहिलेलं होतं आणि लिटरमागे पाच-सहा रुपयांचा फरक होता. टाकून बघितलं. आणि खरंच, पुढच्या शुक्रवारी आवाज जवळजवळ गेला! मी इतका खूश झालो की भेटेल त्याला ९५ ऑक्टेनचं माहात्म्य सांगत सुटलो. मे उजाडला, ऊन तापलं आणि हरभरे पुन्हा वाजायला लागले. आता महागातले हरभरे.

तेव्हा कुठे मी गाडीचं पुस्तक शोधलं. ते वडिलांच्या कपाटात, विम्याच्या जुन्या कागदांखाली होतं. तेरा वर्षांत ते कुणी उघडलं असेल असं वाटत नाही. इंधनाबद्दल त्यात एकच ओळ होती: शिसेविरहित पेट्रोल, किमान ९१ रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर). म्हणजे तेव्हा पंपावर मिळणारं ९१चं साधं पेट्रोल या गाडीला पुरायला हवं होतं. मग ती वाजत का होती?

हे रॉन प्रकरण समजून घ्यायला मला दोन-तीन रात्री लागल्या. पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबतो, प्लग ठिणगी टाकतो आणि ज्वाळा एका बाजूनं दुसरीकडे पसरत जाते. ती पोहोचायच्या आतच कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटलं, तर धक्का बसतो. तोच तो डब्यातला आवाज, नॉकिंग. पेट्रोल हा दाब आणि ताप किती सहन करतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० गुण आणि लगेच भडकणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला शून्य. ९१ रॉन म्हणजे या दोघांच्या ९१ : ९ मिश्रणाइतकं सोशिक पेट्रोल. दमदार नाही, सोशिक. पंपावरच्या पोराची आणि माझी गल्लत इथेच झाली होती.

मध्येच न्यू जर्सीतल्या मावसभावानं आणखी गोंधळ घातला. त्यानं पंपाचा फोटो पाठवला. त्यावर तीन आकडे होते, ८७, ८९ आणि ९३. तो सगळ्यात स्वस्त ८७ टाकतो. (न्यू जर्सीत कायद्यानं स्वतः पेट्रोल भरायची मुभा नाही, आपल्यासारखाच माणूस येऊन भरतो, हे ऐकून आईला फार बरं वाटलं.) मला वाटलं, अमेरिकेत ८७ चालतं आणि आपण ९१ वापरतो, म्हणजे आपलंच भारी. तसं काही नाही. मोजायच्या पद्धती दोन आहेत, रिसर्च आणि मोटर. मोटर पद्धतीची परीक्षा जास्त कडक, म्हणून तिचा आकडा कमी येतो. आपल्याकडे रिसर्चचा आकडा, म्हणजे रॉन, सांगतात. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात. त्यांचं ८७ म्हणजे ढोबळमानानं आपलं ९१-९२. मोटारींचे परदेशी व्हिडिओ बघून पेट्रोल ठरवणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

शेवटी साताऱ्यातल्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी एक चक्कर मारली, उतरले आणि म्हणाले, "आवं, पेट्रोल काय बदलताय? हेड खोला पैलं."

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा हा थर! वॉल्व्हचं सील कडक होऊन गेलं होतं, त्यातून ऑइल खाली झिरपून जळत होतं आणि त्याची काजळी वर्षानुवर्षं साचत गेली होती. हा थर दोन बाजूंनी मारतो. पिस्टनवरची जागा तेवढी कमी होते, म्हणजे मिश्रण मूळच्यापेक्षा जास्त दाबलं जातं. शिवाय थराचे कोपरे तापून निखाऱ्यासारखे होतात. पुस्तकात गाडीचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, साडेनऊच्या आसपास होता. कार्बननं तो किती चढवला होता देव जाणे. प्लग काढून मिस्त्री हसले. तो दुसऱ्याच गाडीचा होता, उष्णता बाहेर टाकायला संथ असणारा. वर्षभरापूर्वी हायवेवर प्लग गेला तेव्हा एका दुकानदारानं "चालतोय हो" म्हणून दिलेला. आणि खरंच चालत होता, तक्रार कशाला करू.

कार्बन खरवडला, वॉल्व्ह लॅपिंग केलं, म्हणजे वॉल्व्ह घासून नीट बसवले, सील आणि पॅकिंग नवं टाकलं, पुस्तकात लिहिलेल्या नंबरचा प्लग बसवला. बिल झालं तेवढ्यात माझं वर्षभराचं प्रीमियम आलं असतं. पुढच्या शुक्रवारी मुद्दाम साधं पेट्रोल टाकून, मुद्दाम वरच्या गिअरवर खंबाटकी चढलो. डबा रिकामा. ९५नं पहिल्यांदा आवाज दाबला होता तो कार्बनचा त्रास काही दिवस सोसून. रोग तसाच होता.

याच्या अगदी उलटी गंमत भाच्याची. त्याची गाडी नवी, लिक्विड कूल्ड, कॉम्प्रेशन रेशो बाराच्या पुढे आणि पुस्तकात स्पष्ट ९५ रॉन लिहिलेलं. हा पठ्ठ्या पैसे वाचवायला तिच्यात साधं भरत होता आणि मी तेरा वर्षांच्या गाडीला प्रीमियम पाजत होतो. "मामा, आवाज तर येत नाही," हा त्याचा मुद्दा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत, विशेषतः कारमध्ये, नॉक सेन्सर असतो. नॉकिंगची चाहूल लागली की संगणक ठिणगी थोडी उशिरा टाकतो. आवाज येत नाही, इंजिन वाचतं, पण ओढ आणि अॅव्हरेज कमी होतं. त्याच्या गाडीत सेन्सर आहे की नाही ते त्यालाही ठाऊक नव्हतं. असला तरी पुस्तक ९५ म्हणतंय तिथे वाद कशाला, म्हणून त्याला ९५वर आणला. तो म्हणतो गाडी हलकी पळते. मी मागे बसून गेलो, मला काडीचाही फरक कळला नाही.

हे सगळं शिकून मी शहाणा झालो होतो आणि तेवढ्यात पेट्रोलच बदललं. पंपावर २० टक्के इथेनॉलचं ई-२० आलं. प्रदूषणाच्या बीएस-२ नियमांच्या काळात साधं पेट्रोल ८८ रॉन होतं, बीएस-३मध्ये ९१ झालं आणि ई-२०साठी ९५ ठरवलं आहे. ज्या आकड्यासाठी मी पाच-सहा रुपये जास्त मोजत होतो तो आता साध्या नळीतूनच येतो. कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८च्या आसपास आहे. पण लिटरमागे त्यातली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. ऑक्टेन वाढलं आणि माझ्या वहीत अॅव्हरेज ४६वरून ४४वर आलं. पंपावरच्या त्या पोराला ही वही दाखवायची फार इच्छा होती, पण त्यानं नोकरी बदलली.

माझ्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला आता ऑक्टेनची चिंता नाही, रबराची आहे. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची रबरी नळी इथेनॉलनं फुगून मऊ पडली. भाच्यानं सुचवलं, बिनइथेनॉलचं १०० ऑक्टेनवालं टाक. भाव विचारला, लिटरला दीडशेच्या पुढे. नळी ऐंशी रुपयांची. मिस्त्रींनी इथेनॉल सोसणारी नळी टाकून दिली, आणि जुनी कापून तिचा तुकडा माझ्या हातात ठेवला, भाच्याला दाखवायला.