तुम्ही विचारलंत म्हणून: डिस्टल लॉकिंगला पोरांच्या हातात ड्रिल कधी देता?

दुसऱ्या कॉलेजातले मित्र भेटले की हमखास विचारतात, फीमरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या नेलिंगला खालचं (डिस्टल) लॉकिंग रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ सर्जनला करू देता का, आणि देत असाल तर ड्रिल हातात नक्की कधी देता. माझं उत्तर ठरलेलं आहे, आयआयटीव्हीवर, म्हणजे सीआर्म या एक्सरे मशीनच्या स्क्रीनवर, नेलमधलं होल पूर्ण गोल दिसलं की, आणि ते गोल त्याने स्वतः आणलेलं पाहिजे.

जे या लाइनमधले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात, मांडीचं हाड मोडलं की पोकळीत रॉड टाकतात तो नेल. सर्जन क्युंटशरने 1939 मध्ये जर्मनीत टाकला तो बिनस्क्रूचा होता, त्यामुळे चुरा झालेलं हाड आखूड व्हायचं, पाय फिरायचा. हाड आणि नेलमधल्या भोकांतून जाणाऱ्या आडव्या स्क्रूंनी लॉक करणं 1970 च्या दशकात रुळलं. वरच्या स्क्रूंना जिग, म्हणजे नेलला जोडलेली नेम दाखवणारी चौकट असते, ते सोपं, पण नेल आत जाताना थोडा वाकतो आणि मग जिगचा नेम खालच्या भोकापर्यंत टिकत नाही, ते फ्री हँडच, म्हणजे जिगशिवाय हातानेच नेम धरून करावं लागतं.

म्हणून मी आधी ऑपरेशन थिएटरबाहेर पेशंटमधून काढलेला एक जुना नेल हातात देतो, म्हणतो ट्यूबलाइटकडे धर आणि भोकातून बघ. सरळ धरला तर उजेडाचं गोल, जरा कलला की डोळ्यासारखा आकार. तो आकार लांबीच्या दिशेने चेपलेला असेल तर सीआर्म पायाच्या लांबीत तिरका आहे, रुंदीत चेपलेला असेल तर पाय तरी फिरव नाहीतर सीआर्म तरी कलव. एवढं डोळ्यात बसलं की नुसतं "मारा शॉट, मारा शॉट" करत बसायची वेळ येत नाही, आणि प्रत्येक एक्सरे शॉटचं रेडिएशन आपल्यालाही आहे, सिस्टरलाही आहे, टेक्निशियन दादांनाही आहे. सीआर्मच्या एक्सरे ट्यूबच्या बाजूला उभं राहायचं नाही, बीममध्ये हात घालायचा नाही, यावर मी ओरडतो, तिथे लाडबीड नाही.

मग ड्रिल. टोक गोलाच्या मधोमध, ड्रिल तिरकं धरून, म्हणजे आपला हात बीमच्या बाहेर राहतो, आणि टोक हाडात रुतवून ठेवून फक्त मागचा भाग बीमच्या रेषेत आणायचा. इथेच घसरतं, कारण फीमरची बाजू गोलसर आणि कॉर्टेक्स, म्हणजे हाडाचं बाहेरचं कवच, कडक. मी रेसिडेंट असताना घाई केली, पहिलं भोक जरासं पुढे गेलं आणि त्यानंतर कितीही नेम धरला तरी ड्रिल त्याच चुकीच्या भोकात जाऊन बसायचं. शेवटी सरांनी हातातून घेतलं. त्या बाईंच्या हाडात मी पाडलेलं ते फालतू भोक एक्सरेवर अजून डोळ्यासमोर आहे, म्हणून पहिल्या भोकाआधी कितीही वेळ लागू दे, मी थांबतो.

गेल्या आठवड्यात सेकंड इयरच्या एका मुलीने खूप वेळ नुसता पायच हलवला, अ‍ॅनेस्थेशियाच्या मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं, मी काही बोललो नाही. मग "सर, आता गोल आहे" म्हणाली, आणि होतंच. ड्रिल आत गेल्यावर तिला म्हटलं, बिट (ड्रिलचं पातं) तसंच राहू दे, वरून नेलमध्ये गाइड वायर, म्हणजे लांब तार, टाक. वायर खाली जाऊन बिटवर टक् करून अडली, म्हणजे बिट नेलच्या भोकातूनच गेलं होतं. तिने पुन्हा एकदा वाजवून बघितली आणि मग सिस्टरकडे स्क्रूची लांबी मोजायचा डेप्थ गेज मागितला.