अभ्यासक्रमाबाहेरचा तास

शाळेतल्या गमतीजमती बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते विज्ञानाच्या सरांनी पुस्तक मिटवून घेतलेल्या पेट्रोल इंजिनाच्या तासाबद्दल. पुढे मी इंजिनांच्याच कामात पडलो, ते त्या तासामुळे.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे जास्त जोराचं, अशी आम्हा सगळ्यांची ठाम समजूत. सर म्हणाले, "ऑक्टेन जोर सांगत नाही रे. दाबल्यावर आपसूक न पेटता पेट्रोल किती दम धरतं, ते सांगतो." आयसो-ऑक्टेन या दम धरणाऱ्या इंधनाला 100, नॉर्मल हेप्टेन या लगेच पेटणाऱ्या इंधनाला 0, आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं तो आकडा. म्हणजे 91 ऑक्टेनच्या पेट्रोलात 91 टक्के ऑक्टेन असतंच असं नाही. (शिकलेली माणसंही इथे फसतात.)

मग जोर येतो कुठून? पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमधली जागा आणि वर आल्यावर उरलेली जागा, यांचं प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. तो जितका मोठा, तितके जळलेले वायू जास्त फैलावतात, उष्णतेचं काम जास्त होतं आणि सायलेन्सरवाटे कमी वाया जाते. सरांनी ऑटो चक्राचं, म्हणजे आदर्श पेट्रोल इंजिनाच्या चक्राचं, सूत्र मांडून आम्हाला आकडेमोड करायला लावली. रेशो 8 असेल तर आदर्श कार्यक्षमता सुमारे 56 टक्के, 10 ला 60, 12 ला 63. खरं इंजिन याच्या बरंच खाली राहतं, पण चढण तशीच, आणि वर जाताना मंदावणारी.

"मग दाबतच सुटू की!" मागच्या बाकावरून आवाज आला. सरांनी टेबलावर डस्टर ठकठक आपटला. दाबलं की मिश्रण तापतं. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कडेचं मिश्रण आपसूक पेटलं की इंजिन असं ठोकतं. नॉकिंग ते हेच. फार चाललं तर पिस्टनला भोक पडतं. म्हणून रेशो वाढवायचा तर दम धरणारं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. 1921 मध्ये अमेरिकी इंजिनिअर थॉमस मिजली यांना त्यावर शिशाचं टेट्राएथिल संयुग सापडलं. ठोके थांबले, पण विष हवेत गेलं. हल्लीच्या गाड्यांत नॉक सेन्सर ठोका ऐकून ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, कार्यक्षमता जाते.

आता पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल, म्हणजे एक अल्कोहोल. ऑक्टेन 100 च्या वर, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश. रेशो तोच ठेवून नुसतं मिसळलं तर ॲव्हरेज घसरणारच. रेशो वाढवला तर थोडी तूट भरून निघते. किती, हे गणित यंदाच्या दहावीला घालावं, अशी शिक्षकांना विनंती.