पहाटे साडेतीनला निघायचं: पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवरचा माझा अनुभव

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, म्हणजे पीसीटी, ही अमेरिकेच्या पश्चिमेकडची डोंगरातली पायवाट मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पोपासून थेट कॅनडापर्यंत जाते. एकूण लांबी सुमारे 4,265 किलोमीटर. मी केला तो दक्षिणेकडचा भाग, कॅम्पो ते कॅलिफोर्नियाच्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातलं ट्युओलमी मेडोज, साधारण दीड हजार किलोमीटर. त्यातले पहिले अकराशे वाळवंटाचे आणि पुढचे सिएरा नेवाडा या बर्फाळ पर्वतरांगेचे.

घरी हे सांगितलं तेव्हा काकू म्हणाली, "काऊन वं, नागपूरचं ऊन कमी पडलं का तुले?" खरं तर नागपूरच्या उन्हानेच मला त्या वाळवंटातून पार नेलं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. सलग 800 किलोमीटरपेक्षा जास्त चालायचं असेल तर लाँग डिस्टन्स परमिट लागतं. मेक्सिकोच्या सीमेवरून उत्तरेकडे निघणाऱ्या फक्त 50 जणांना दिवसाला ते देतात आणि निघायची तारीख त्यावरच ठरलेली असते. पैसे लागत नाहीत, पण ऑनलाइन रांग मोठी असते. व्हिसा साधा पर्यटनाचा. मुलाखतीसाठी मी मुंबईला गेले, तेव्हा रोज किती चालणार, कुठे थांबणार आणि नोकरीवर परत कधी रुजू होणार, हे एका पानावर लिहून नेलं होतं. स्टोव्ह पेटवायला कॅलिफोर्नियाचं वेगळं कॅम्पफायर परमिट असतं. तेही ऑनलाइन आणि फुकट.

आता तयारी. आदल्या उन्हाळ्यात मी पाठीवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांची बॅग घेऊन सेमिनरी हिल्सचा चढ, फुटाळा आणि पुढे गोरेवाड्याचा रस्ता करायचे. सुट्टीच्या दिवशी रामटेकची गडमंदिराची चढण, आणि एकदा पचमढीला जाऊन चौरागडच्या पायऱ्या. मे महिन्यात आपल्याकडे नऊ वाजले की डांबर तापतं, म्हणून अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत परतायचं आणि तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. डोक्याला सुती दुपट्टा. ही सगळी आपल्या घराघरातली शिस्त आहे, आणि तिथे ती जशीच्या तशी कामाला आली.

वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर राजस्थानची वाळू येते. इथे तसं नाही. हे डोंगरांचंच वाळवंट आहे: झुडपं, निवडुंग, खडक, आणि मधेच सॅन जसिंटोसारखा पर्वत, जिथे वसंतातही बर्फ सापडतं. रात्री थंडी वाजते. खरा प्रश्न पाण्याचा. फारआउट नावाच्या ॲपवर पुढचा झरा वाहतोय की आटलाय हे पुढे गेलेले लोक लिहून ठेवतात, आणि रोज संध्याकाळी मी त्यावरच दुसऱ्या दिवसाचं गणित मांडायचे. आठ किलोमीटरला एक लिटर, शिवाय रात्रीच्या जेवणाचं आणि सकाळचं. सिझर्स क्रॉसिंगनंतर बॅरल स्प्रिंग्जपर्यंत जवळजवळ 40 किलोमीटर भरवशाचं नैसर्गिक पाणी नाही. मध्ये एका फाटकापाशी स्वयंसेवक बाटल्या आणून ठेवतात, पण त्या संपलेल्या असू शकतात. म्हणून मी सहा लिटर घेऊन निघाले. सहा लिटर म्हणजे सहा किलो. पहिला तासभर पट्टे खांद्यात रुततात, चढावर पिशवीतलं पाणी डुचमळतं आणि तोल मागे ओढतं. मग घोटाघोटाने ओझं उतरत जातं. अकरा वाजता एका खडकाच्या वीतभर सावलीत पाय वर करून पडले आणि चार वाजता परत निघाले. बरोबरचे काहीजण भर दुपारी चालत राहिले, आणि संध्याकाळी त्यांच्याकडे घोटभर पाणी उरलं होतं.

खाण्याचं म्हणाल तर, तांदूळ आणि हरभरे प्रवासी सामानातून अमेरिकेत नेता येत नाहीत. पोहे, डाळ, मसाला मी सॅन दिएगोतल्या भारतीय किराणा दुकानातून घेतलं.

केनेडी मेडोजला वाळवंट संपतं. तिथून अस्वलापासून अन्न वाचवणारा कडक प्लास्टिकचा डबा घ्यावा लागतो. सिएराच्या बऱ्याच भागात तो सक्तीचा आहे. डबाच किलोभराचा, आणि त्यात आठवडाभराचं जेमतेम मावतं.

बर्फाचं मात्र नागपुरात काहीच शिकता येत नाही. त्यासाठी मी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेतला बेसिक कोर्स केला होता, आणि घसरल्यावर आइस ॲक्स, म्हणजे बर्फात रोवायची कुऱ्हाड, रोवून थांबायचं कसं हे तिथे अंगवळणी पडलं. पीसीटीवरची सर्वांत उंच जागा फॉरेस्टर पास ही खिंड, 4,009 मीटर. दक्षिणेकडून चढताना माथ्याच्या जरा खाली बर्फाची एक अरुंद, उभी घळ आडवी पार करावी लागते. लांबी फार नाही, पण खाली बघवत नाही. आम्ही टिंडॉल क्रीक या ओढ्यापासून पहाटे साडेतीनला निघालो, कारण दुपारी ऊन लागलं की तेच बर्फ भुसभुशीत होतं आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. घळीपाशी पोचलो तेव्हा बर्फ कडक होतं. आधीच्या लोकांच्या पावलांचे खड्डे गोठून पायऱ्यांसारखे झालेले. प्रत्येक पावलाला ॲक्स रोवायची, ती धरली आहे याची खात्री करायची, मगच पुढचा पाय. बुटाखाली अडकवलेल्या मायक्रोस्पाइक्सचा, म्हणजे लोखंडी काट्यांचा, करकर आवाज तेवढा. पलीकडे पोचल्यावर माझ्या मागून येणारी साठीची बाई म्हणाली, नऊनंतर मी इथे पाऊल ठेवलं नसतं. मलाही तेच वाटतं. वाळवंटात उन्हासाठी आणि इथे बर्फासाठी, घड्याळ एकच.

पासनंतर शिधा संपत आला की किअरसार्ज पासवरून ओनियन व्हॅलीला उतरायचं, तिथून कुणाच्या गाडीत लिफ्ट मागून इंडिपेंडन्स किंवा बिशप हे गाव गाठायचं. हा फाटा साधारण 12 किलोमीटरचा आहे आणि परतीला तेवढाच चढून यावं लागतं, तेव्हा डबा भरताना तेवढ्या दिवसाचं खाणंही धरा.

निघायचा विचार असेल तर व्हिसाची तारीख परमिटच्या आधी बघा, बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या कारण पाय सुजतात, आणि बर्फाचा कोर्स आदल्याच वर्षी उरका.