आसोद्याच्या शेतात भरीत खाताना

मागे मे महिन्यात जळगावला गेलो होतो, तेव्हा हॉटेलात भरीत मागवलं आणि हिरमुसलो. गॅसवर भाजलेलं वांगं, वरून लाल तिखट. म्हणून या खेपेला डिसेंबरअखेर गेलो, तेही थेट जळगावजवळच्या आसोदा गावी, ओळखीच्यांच्या शेतावर.

कपाशीची वेचणी उरकत आली होती. काळ्या रानात जागोजागी उपटलेल्या पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे ढीग. त्याच पेटवून वांगी आत टाकली. भरताचं वांगं हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा, हातात जड. कापलं तर बी शोधावं लागतं. भाजण्याआधी काडीनं टोचायचं, नाहीतर फुटतं. पऱ्हाटीचा जाळ भसकन वर चढतो. साल करपते, तोवर आत गर लुसलुशीत झालेला असतो आणि धूर त्यात मुरलेला. ही चव गॅसवर येत नाही, मी घरी पुष्कळदा करून पाहिलंय.

सोललेला गर भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर लाकडी बडगीत ठेचला. "मिक्सर लावू नका भाऊ, पार चिकट होतं," शेतावरच्या मावशी ठेचता ठेचता म्हणाल्या. मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, त्यावर गर, शेवटी मूठभर कोथिंबीर. गरम मसाल्याला इथे थाराच नाही. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेल्या पिठाची. सरपणापासून भाकरीपर्यंत सगळं याच काळ्या जमिनीतलं.

जाणार असाल तर मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीनंतर जा. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं त्या दिवसापासून ते पुन्हा खायला लागतात आणि थंडीत वांगंही भरात असतं. जळगाव मुंबई-भुसावळ मार्गावर आहे, रेल्वे सोयीची. स्टेशनवरून आसोद्याला रिक्षानं जाता येतं. शेतावर ओळख नसेल तर शहरात हिवाळ्यात किलोवर भरीत विकणारी दुकानं लागतात. तिथे आधी एकच विचारा, वांगी कशावर भाजता? तिखट झेपत नसेल तर मिरच्या ठेचायच्या आधीच सांगा, नंतर उपाय नाही. सकाळी गारठा असतो, स्वेटर हवाच. कच्ची वांगी निघायच्या दिवशीच घ्या आणि कापडी पिशवीत न्या.

निघताना मावशींनी वांग्यांबरोबर पऱ्हाट्यांची हातभर जुडीही बांधून दिली. गच्चीवर पेटवा म्हणाल्या.