शून्य टॅकल

"आजोबा, तुमच्या स्टॉपरनं एक टॅकल नाही केलं. शून्य!" पोरानं मोबाईल मामाच्या नाकासमोर धरला.

परभणीतलं मामाचं घर, रात्रीची फुटबॉल मॅच. स्टॉपर म्हणजे बचावफळीतला मधला गडी, अन् टॅकल म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावणं. मामा शेंगा सोलतच म्हणाला, "चेंडू यायच्या आधीच तो तिथं उभा हाय की. टॅकल कुणाला करावं, खांबाला?"

पोरगा गप्प. मीही, कारण आकड्यांचा नाद त्याला माझाच.

झोपताना माकेलेले आठवला, मधल्या फळीत राहून बचाव सांभाळणारा फ्रेंच फुटबॉलपटू. २००३च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदनं बेकहॅमला आणलं अन् ह्याला चेल्सीला जाऊ दिलं. गोलांच्या रकान्यात तो जवळपास नव्हताच. माद्रिदला पुढची ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, मिळाली थेट २००७ला.

तसं मामाचंही सगळं खरं नसतं. आवडत्या खेळाडूच्या चुका त्याला दिसत नाहीत. पण नुसतं उभं राहून पास अडवणारा कुठल्या रकान्यात लिहायचा?